लांब जाणारा झोत

“बाजूचा उजेड मला नको,” असं म्हणून काकू हातातली बॅटरी भिंतीवर मारून दाखवायच्या. भिंतीवर बशीएवढा पिवळा गोळा पडायचा आणि त्याच्या भोवती नुसता काळोख. दुकानातल्या बॅटरीचा उजेड अंगणभर सांडतो. तसं सांडणं काकूंना खपायचं नाही. सगळा उजेड एका जागी गोळा करायचा आणि जमेल तितका लांब पाठवायचा, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या समोरच्या रो-हाउसमध्ये त्या आणि काका राहायचे. दोघंच. सातपूरच्या एका कारखान्यात काकूंनी आयुष्यभर तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळल्या होत्या, त्यामुळे बारीक कामाला त्यांची बोटं सरावलेली होती. नोकरी संपल्यावर आमच्या कॉलनीतल्या बायका भजनी मंडळात जातात किंवा सुनांवर लक्ष ठेवतात. काकूंनी स्वयंपाकाच्या ओट्यावर सोल्डरिंगचं सामान मांडलं. जुन्या मोटारसायकलच्या हेडलाइटची वाटी, जाड वायर, लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल आणि हॅलोजनचा बल्ब. बल्बला सोसेल त्याहून जास्त व्होल्टेज त्या मुद्दाम द्यायच्या. मग तो भगभगीत पेटायचा आणि थोड्याच दिवसांत जायचा. गेला की काकू रुसून बसायच्या आणि काका खिचडी टाकायचे.

मी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत कारकून. त्यामुळे तिथल्या बाजारातून बल्ब आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सुरुवातीला दुकानदार मूठभर काढून द्यायचा. पुढे पुढे तो माझ्याकडे बघून हसायला लागला. हे बल्ब आता कोणी बनवत नाही, एलईडी न्या, असं त्याने मला किती तरी वेळा ऐकवलं. एकदा वैतागून मी एलईडीची बॅटरी घेऊन गेलो. काकूंनी ती पेटवली, समोर धरली आणि परत माझ्या हातात दिली. पांढऱ्या उजेडात त्यांना सगळीकडे दूध सांडल्यासारखं दिसायचं. “पिवळ्यात मला माणूस दिसतो,” एवढंच त्या म्हणाल्या.

आम्ही हा सगळा रिकामपणाचा उद्योग समजत होतो. शिवाय काकू शिष्ट म्हणून प्रसिद्ध होत्या. बाजूने जाता जाता नमस्कार केला तरी त्या सरळ पुढे जायच्या. माझ्या बायकोने एकदा बाजूने चहाचा कप पुढे केला, तो त्यांनी घेतलाच नाही, आणि ते प्रकरण आमच्या घरात महिनाभर पुरलं. शेवटी काकांनीच मला फाटकाशी गाठून सांगितलं. काकूंच्या डोळ्यांचा पडदा कडेकडून वाळत चालला होता. देवळा गावी राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. नळीतून बघावं तेवढंच आता समोरचं दिसत होतं, आणि ती नळीही दिवसेंदिवस बारीक होत होती. नाशिकचे झाले, मुंबईचे झाले, सगळ्या डॉक्टरांनी हात टेकले होते. कडेचं दिसतच नाही तर कडेला उजेड पाडून काय करायचं, म्हणून ती खोल वाटी आणि तो बशीएवढा गोळा. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती काकूंसाठी पुन्हा चहा टाकायला उठली.

तुमच्याही कॉलनीच्या मागे एखादं मोकळं मैदान असेल. आमच्याकडे आहे, आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. दिवेलागणीला काकू अलीकडे उभ्या राहायच्या आणि काका पांढरा शर्ट घालून टाकीशी. काकू झोत टाकायच्या, काका एक हात वर करायचे. उजवा की डावा ते काकूंनी ओळखायचं आणि काकांनी तिकडून ओरडायचं, “बरोबर.” डास चावायचे, कुत्री भुंकायची, पण काकांना हलायची परवानगी नव्हती. लग्नातसुद्धा मला एवढा वेळ उभं केलं नव्हतं, असं ते म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

पुढच्या वर्षी काका गुलमोहराखाली उभे राहायला लागले. त्यानंतर त्याही अलीकडच्या बाकड्यापाशी. बॅटरी दर खेपेला आधीपेक्षा जोरदार व्हायची आणि काका आणखी जवळ यायचे. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

एकदा थंडीत मी त्या बाकड्यावर बसलो होतो. झोत काकांवर पडला. “डावा,” काकू तिकडून म्हणाल्या. काकांचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात होते.

“बरोबर,” काका ओरडले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “चुकलं म्हटलं की ती घरी जाऊन पुन्हा सगळं खोलत बसते. बोटं भाजून घेते. मी दुसरं काय करू, सांगा?”

मला त्या बॅटरीची चीड आली, डॉक्टरांची आली, देवाचीही आली.

आता ते घर भाड्याने दिलेलं आहे. काकूंचा भाचा दोघांनाही देवळ्याला घेऊन गेला. तिकडून अधूनमधून फोन येतो, तो काकांचाच असतो. पण मला आठवते ती मैदानावरची त्यांची शेवटची संध्याकाळ.

दुकानदाराने खणाच्या तळाशी राहिलेला एक बल्ब शोधून दिला होता, आणि यापुढे नाही म्हणून बजावलंही होतं. काकूंनी तो बोटांनी चाचपडत बसवला. इतका लांब झोत त्यांच्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता. मैदान ओलांडून तो टाकीवर गेला, शिडीची एकेक पायरी उजळली, वरची कबुतरं उडाली. लोक गॅलरीत आले. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. काकूंनी मला विचारलं, कुठवर गेला? मी सांगितलं, टाकीच्याही मागच्या बिल्डिंगवर पडलाय. त्यांनी मान हलवली.

त्या दिवशी काकूंनी काकांना लांब पाठवलंच नव्हतं. ते हाताच्या अंतरावर उभे होते. काकू पेटती बॅटरी घेऊन तशाच वळल्या आणि सगळा झोत काकांच्या तोंडावर आला. काकांनी डोळे घट्ट मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, तरी ते बाजूला झाले नाहीत.

“उजेड दिसतोय हो,” काकू म्हणाल्या. “तुम्ही कुठे आहात?”

काकांनी सवयीने एक हात वर केला. काकूंनी थोडी वाट पाहिली आणि मग त्यांना शोधायला झोत दुसरीकडे वळवला.