भाजलेलं पोलकं

कुंभकोणमला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी राहायचे. आमच्यासारखेच मराठी बोलणारे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. ते मशीनवर बसत आणि त्यांची बायको दाराजवळ चटईवर बसून हूक लावी, काजं करी. आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो, पण ती माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी असेल.

लग्नानंतर वर्षभरातच चुलीवरचं उकळतं पाणी अंगावर सांडून काकूचा गळा आणि डावा दंड भाजला होता. जखमा भरल्या, पण कातडी आक्रसलेलीच राहिली. ऐन चैत्रातसुद्धा ती पदर गळ्याभोवती गुंडाळून बसायची. एकदा नवऱ्याने तिच्यासाठी उभ्या गळपट्टीचं, कोपराखाली येणाऱ्या बाह्यांचं पोलकं शिवलं. गळपट्टीला जुन्या रेशमी लुगड्याचा बारीक काठ लावला. ते घालून, पदर नीट खांद्यावर सोडून ती जवळच्या गोविंदपुरमला भजनाला आली, तेव्हा बायका वळून वळून बघत होत्या. मीही बघितलं. इतकी देखणी ती मला कधीच दिसली नव्हती.

"मलाही असंच शिवून द्या," मी दुसऱ्याच दिवशी शिंप्यांना म्हटलं.

ते घुटमळले. बायकोकडे बघू लागले. काकूच हसून म्हणाली, "द्या की शिवून. शाळेत घालून जाईल."

मुलींच्या शाळेत मी तेव्हा नुकतीच शिकवायला लागले होते. शिक्षिकांच्या खोलीत मला अजून कुणी फारसं विचारत नसे. ते पोलकं घालून गेले त्या दिवशी मात्र सगळ्या माझ्याभोवती जमल्या. गळपट्टीला हात लावून बघितलं, आणि एकीने विचारलं, "या तऱ्हेला काय म्हणतात?"

शिंप्यांनी काहीच नाव ठेवलं नव्हतं. मी म्हणाले, "सुट्ट रविक्कै." तमिळमध्ये भाजलेल्या पापडाला लावतात तोच तो शब्द. भाजलेलं पोलकं. मग ते कुणासाठी शिवलं होतं आणि का, तेही सांगून टाकलं. खोलीत हशा पिकला. त्या हशाचं मला फार बरं वाटलं. घरात, मराठीत, मी असं कधी बोलले नसते.

दिवाळीच्या आधी शाळेतल्या तिघी-चौघी शिंप्यांकडे गेल्या. त्यांचं बघून त्यांच्या बहिणी, जावा, शेजारणी गेल्या. बऱ्याच जणींना त्या नावामागचं काहीच माहीत नव्हतं. रेशमाला जसं रेशीम म्हणावं, तसं त्या सहज म्हणत. एका संध्याकाळी मी दुकानात असतानाच एक बाई पायरीवरूनच काकूला म्हणाली, "एक सुट्ट रविक्कै हवं. किती दिवसांत मिळेल?"

काकूच्या हातातली सुई थांबली. तिने मान वर केली नाही. "कुठल्या रंगाचं?" एवढंच विचारलं.

ती बाई गेल्यावर शिंपी मला म्हणाले, "कुणी काढलं हे नाव, देव जाणे. तुझ्या कानावर आलं का काही?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी दारावर पाटी लावली, 'नव्या गळ्याची रविक्कै.' बायका ती वाचत आणि आत येऊन विचारत, "सुट्ट म्हणतात तेच ना हे?" मी शाळेत 'गोपुर गळा' असं एक नाव रुळवायचा प्रयत्न केला. एक बाई हसून म्हणाली, "अहो, नाव तुम्हीच ठेवलंत, आणि आता तुम्हालाच आवडेनासं झालं?"

काकू दाराजवळ बसेनाशी झाली. काजं-बटणं आतल्या खोलीत होऊ लागली. भजनाला येणंही तिने सोडलं. दुकानात तर उभं राहायला जागा नसे.

माझ्या तोंडून खरं निघायला वर्ष लागलं. एका सकाळी शिंपी कापड आणायला गेलेले बघून मी आत गेले. ती खिडकीशी हूक लावत होती. पदर पुन्हा गळ्याभोवती होता.

"काकू, ते नाव मी ठेवलं," मी म्हणाले.

"मला ठावं आहे," ती म्हणाली. "पहिल्यांदा आल्या त्या तुझ्याच शाळेतल्या बायका."

"मग बोलला का नाहीत?"

"तू येशील म्हणून वाट बघितली." तिने दातांनी दोरा तोडला. "आता येऊन काय करशील? सगळ्या गावाच्या तोंडातून काढून घेशील?"

मी रडू लागले. तिने मला पाणी दिलं, पण रडू नको म्हणाली नाही.

पुढे जे झालं त्यात माझा काहीच हात नव्हता. तिरुविडैमरुदूरकडच्या शेतकरी बायका येऊ लागल्या. त्यांनी ते नाव लांबून ऐकलेलं. 'सुट्ट'चं त्यांनी 'सुत्तु' केलं. सुत्तु म्हणजे वेढा. गळ्याला गोल वेढा घालणारं पोलकं, म्हणून त्यांच्या लेखी ते नाव अगदी बरोबर होतं. बघता बघता गावातल्या बायकाही तसंच म्हणू लागल्या. शिंप्यांनी 'सुत्तु रविक्कै' अशी नवी पाटी लावली आणि मला मोठ्या आनंदाने दाखवली. "आता कसं शोभतं!" ते म्हणाले. त्यांना काकूने माझ्याबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.

काकू पुन्हा दाराजवळ बसू लागली. येणाऱ्या बायकांशी हसून बोले, पोरींच्या बाह्यांची मापं घेई. मी पायरी चढले की मात्र ती हातातलं काम खाली ठेवी, "बस, हे येतीलच," म्हणे आणि दोरा आणायला आत जाई. मी असेपर्यंत तो दोरा तिला सापडत नसे.