तिचं सांगायचं राहिलं

प्रकाशक मंडळी त्याला थट्टेने 'बिननाव्या' म्हणत. आत्मचरित्र दुसऱ्याचं, लिहिणार हा आणि पुस्तकावर नाव त्या दुसऱ्याचं, असा त्याचा धंदा. कुणी आधीच लिहिलेलं बाड घेऊन "जरा नीट करून द्या" म्हणत आलं, की हा नाक मुरडायचा. "तो शिवलेला सदरा उसवून पुन्हा शिवणं झालं. मला कागद नको, माणूस आणा."

माणूस आला, की पहिले काही दिवस पेन खिशातच. नुसतं समोर बसून ऐकायचं. तो कुठे अडखळतो, कशावर उगाच हसतो, कुणाचा विषय टाळतो, ते अंगात भिनलं की मगच पहिली ओळ.

पुढे त्याच्या बायकोच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"अहो, जगाचं लिहिलंत, आता माझंही लिहा की," ती म्हणाली. "आपल्या लेकीसाठी. बोलता येतंय तोवर बसा माझ्यासमोर."

"अगं, बसायचं कशाला? तू मला तोंडपाठ आहेस!"

तेव्हा एका कारखानदाराचं पुस्तक अंगावर होतं. दिवसभर हा त्याच्या शाळेतल्या मारामाऱ्या जिवाचा कान करून ऐकायचा आणि घरी येऊन बायकोचं लिहायचा, तिला एक शब्दही न विचारता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दवाखान्यात त्याने ते तिला वाचून दाखवलं.

"छान उतरलंय," ती म्हणाली. "पण पाहुण्यांना तुम्ही माझ्याबद्दल जे सांगता, तेच नीटनेटकं केलंत. यात मी कुठंय?"

त्याचा चेहरा उतरला. जन्मभर ज्या कामाला नाक मुरडलं, तेच त्याने घरात केलं होतं. त्याने खुर्ची ओढली. "सांग."

"लग्नाआधी मी एकदा घर सोडून निघाले होते," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

आता ती घरी असते. त्याने आणून दिलेल्या पाटीवर तिने लिहिलं, 'एकदा घर सोडून निघाले होते. परत आले.'

"का गं? कुणाबरोबर? आणि तेव्हा हसलीस कशाला?"

तिने पाटी पुसून लिहिलं, 'मला लिहायचं नव्हतं. सांगायचं होतं.'

"बाबा, आई लिहील तेवढं तुम्ही नीट करून घ्या ना," लेक म्हणाली. ते तर त्याला सहज जमलं असतं, आणि त्याचंच त्याला रडू आलं.

त्याने पाटी बाजूला ठेवली, पेन खिशात घातलं आणि तिच्यासमोर बसला. तिने सवयीने तोंड उघडलं. तो कान देऊन ऐकत राहिला.