मिस हॅटीच्या झडपा

सायरस मेझिकने आयुष्यभर दोनच गोष्टींचा मनापासून तिटकारा केला, एक सिमेंट आणि दुसरा आव. जुन्या मऊ विटेला चुनाच लागतो. सिमेंट भरलं की पाणी आत कोंडतं आणि दहा वर्षांत वीट रव्यासारखी झडायला लागते. हे तो चाळीस वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पोर्ट ॲशबी गावातल्या घरमालकांना सांगत आला. ते मान डोलवायचे, स्वस्तातला गवंडी बोलावून सिमेंट भरून घ्यायचे आणि भिंत पोखरली की पुन्हा सायरसकडे यायचे. तो चुन्याची बादली घेऊन जायचा, काम चोख करायचा आणि एक अक्षर बोलायचा नाही. त्याचं ते न बोलणं लोकांना शिवीपेक्षा झोंबायचं.

ऑयस्टर गल्लीतलं त्याचं घर आजोबांनी घेतलेलं. त्या गावातल्या सगळ्या जुन्या घरांसारखंच, एका खोलीच्या रुंदीचं, रस्त्याकडे कूस करून उभं. दक्षिणेच्या अंगाला घराच्या लांबीइतका व्हरांडा, त्याला सात खांब आणि रस्त्याच्या टोकाला एक दार. उन्हाळ्यात माणसं तिथंच राहतात म्हटलं तरी चालेल. भेंडी चिरणं, केस विंचरणं, भांडणं, डुलक्या, सगळं तिथंच. दक्षिणेचा शेजारी दहा-बारा हातांवर असला तरी कुणाला संकोच वाटायचा नाही, कारण गल्लीची रीतच तशी होती. आपल्या घराची उत्तरेची भिंत शेजाऱ्याच्या व्हरांड्यावर येते, म्हणून तिकडे खिडक्या मोजक्याच ठेवायच्या आणि त्याही झाकलेल्या. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. आयांनी पोरांना कान धरून शिकवलेलं होतं.

दक्षिणेला पूर्वी मिस हॅरिएट ऊर्फ हॅटी बोनो नावाच्या एका गोऱ्या बाईंचं घर होतं. ते एका वादळात पडलं आणि पुढं तीस वर्षं तिथं अंजिराचं झाड नि गवत होतं. मग आले ब्रेंट ऑस्ट्रँडर. हे उत्तरेतल्या ओहायो राज्याचे. गॅरेजची दारं बनवायचा कारखाना विकून आता इतिहासाच्या प्रेमात पडलेले. त्यांनी ती जागा घेतली आणि जाहीर केलं की इथं असं घर उभं राहील की ते दोनशे वर्षांपूर्वीचं नाही हे कुणाला ओळखता येणार नाही.

सायरसला पहिल्या आठवड्यातच ओळखता आलं. आत सिमेंटचे ठोकळे होते नि बाहेर विटेच्या बोटभर जाडीच्या फाका चिकटवलेल्या. त्या विटाही नव्याच, पण पिंपात घालून घुसळून, कोपरे मोडून म्हाताऱ्या केलेल्या. व्हरांड्याच्या छताला भुतं पळवणारा निळा रंग दिला होता. सायरसच्या आजीने तो रंग खरोखर भुतांना भिऊन दिला होता. ऑस्ट्रँडर भुतांना भीत नव्हते, ते फक्त समितीला भीत होते. जुन्या वस्तीतल्या घरांचं रूप मंजूर करणारी ही समिती म्हणजे सात जण. बिजागरी कोणत्या नमुन्याची असावी यावर हे लोक दोन दोन तास बोलू शकत. त्या सातांतल्या एकानेही कधी बिजागरी बसवली नव्हती.

एक दिवस सायरस कुंपणाशी उभा असताना भिंतीवर लोखंडी चकत्या बसवणं चाललं होतं. दीडशे वर्षांमागे भूकंपात गावातल्या भिंती फाकल्या तेव्हा लोकांनी घराच्या आरपार सळया घालून त्या आवळल्या. त्या सळयांच्या टोकांच्या या चकत्या.

"यांच्यामागे सळई कुठाय?" सायरसने विचारलं.

"सळई कशाला?" ऑस्ट्रँडर हसले. "घर एकदम मजबूत आहे. या नुसत्या शोभेला."

सायरसने टोपी नीट केली आणि तो घरात आला. "वर्डेल," तो बायकोला म्हणाला, "शेजारच्यांनी हात मोडलेला नसताना प्लास्टर घातलंय."

वर्डेल हसली तेव्हा तिचं अर्धंच तोंड हललं. वर्षापूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला होता. डावा पाय ओढत होता, शब्द उशिरा यायचे. ही बाई एकेकाळी शाळेच्या खानावळीत चारशे पोरांचा टोमॅटोचा लाल भात एकटीने रांधायची आणि केस नीट बांधल्याशिवाय टपालपेटीपर्यंतसुद्धा जायची नाही. आता सायरस तिला चमच्याने भरवायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "रोज चाललं पाहिजे. पाय आखडला की मग तो परत यायचा नाही." म्हणून रोज सकाळी रात्रीच्याच झग्यात, केस मोकळे, सायरसच्या खांद्याला धरून ती व्हरांड्यात चालायची. पहिल्या महिन्यात एक खांब. हिवाळा संपेपर्यंत चार. सातव्या खांबापाशी रस्त्याचं दार होतं, आणि त्या दारातून स्वतःच्या पायांनी बाहेर पाहायचं असं तिने मनाशी धरलं होतं.

मग नव्या घराच्या उत्तरेच्या भिंतीवरचं बांधकामाचं कापड उतरलं. भिंतीत दोन खिडक्या होत्या, माणसाच्या उंचीच्या, आणि झडपा सताड उघड्या. आत स्वयंपाकघर. झडपा अस्सल सायप्रस लाकडाच्या, बिजागऱ्या समितीने पास केलेल्या. सगळं हुबेहूब होतं, फक्त अक्कल तेवढी आणायची राहिली होती. पहिल्याच रविवारी ऑस्ट्रँडरांचे पाहुणे हातात पेले घेऊन काचेशी उभे राहिले. इकडे वर्डेलच्या हनुवटीवरून लापशी ओघळत होती. एका बाईने तिला हात हलवून नमस्कार केला.

वर्डेल म्हणाली, "आत ने मला." आणि ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या आठवड्यात पाय खाटेवरून खाली टेकवताना ती कळवळली. 

सायरस टोपी हातात घेऊन शेजारी गेला. ज्या माणसाने कुणाच्या दारात टोपी काढली नव्हती, त्याला ओहायोच्या दारवाल्यापुढे काढावी लागली, हे मला तरी फार लागतं.

"मिस्टर ऑस्ट्रँडर, त्या दोन खिडक्यांच्या झडपा लावून घेतल्या तर बरं होईल. आमच्याकडे तशी रीत आहे. बायको आजारी आहे माझी, तिला बाहेर चालायचं असतं."

"अहो सायरस, पण स्वयंपाकघरात उजेड नको का?" ऑस्ट्रँडर मोठ्या प्रेमाने म्हणाले. "आणि खरं सांगू, आम्हाला आवडतं तुम्हाला दोघांना तिथं बसलेलं बघायला. खरंखुरं वाटतं सगळं. पाहुण्यांना तर फारच."

सायरस घरी आला, त्याने माळ्यावरून निळी प्लॅस्टिकची ताडपत्री काढली आणि व्हरांड्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधून टाकली. वर्डेल त्या दिवशी बाहेर आली. आत उकाडा मरणाचा झाला होता आणि सगळा उजेड निळा पडला होता, पण ती दोन खांब चालली. पुढं मात्र त्या कोंडमाऱ्यात तिला पाय टाकवेना. आठव्या दिवशी समितीचं पत्र आलं. ताडपत्री रस्त्यावरून दिसते, ती वस्तीच्या ऐतिहासिक रूपाला बाधा आणते, तीस दिवसांत काढा.

सुनावणीला सायरस लग्नकार्याचा कोट घालून गेला. अध्यक्षीण मिसेस ट्रॅपनेल, चष्मा साखळीला बांधलेला. त्याने सगळं सांगितलं, पाय, खांब, खिडक्या, रीत. बाईंनी डोळ्यांत शक्य तेवढी माया आणून ऐकलं.

"मिस्टर मेझिक, आम्हाला फार वाईट वाटतं. पण आम्ही फक्त रस्त्यावरून दिसतं तेवढंच बघतो. तुमची ताडपत्री दिसते. त्या खिडक्या दिसत नाहीत."

"माझी बायको दिसते, मॅडम. त्यांच्या स्वयंपाकघरातून."

"ते आमच्या अखत्यारीत येत नाही हो." बाईंनी कागद चाळले. "मिस्टर ऑस्ट्रँडरना पूर्वीच्या बोनो घरासारखंच घर बांधल्याची पितळी पाटी हवी आहे. पण बोनो घराचा एकही फोटो उपलब्ध नाही. असता तर आम्ही त्याप्रमाणे करून घेतलं असतं. पुराव्यापुढे आम्ही बांधलेले आहोत."

म्हणजे जिवंत माणूस हा पुरावा नव्हे, त्याचा कागद दाखवा. असल्या शहाण्यांना ओवाळावं तरी कशाने? पण सायरस चिडला नाही. त्याला घरातला जुन्या फोटोंचा एक बिस्किटांचा डबा आठवला होता.

घरी येऊन तो वर्डेलच्या खाटेशी बसला. "लग्नातला तो फोटो हवाय मला. व्हरांड्यातला."

वर्डेलने मान फिरवली. "नाही."

कारण दोघांनाही ठाऊक होतं. एकाहत्तर साल. याच व्हरांड्यात वर्डेल पांढऱ्या पोशाखात उभी, सायरसच्या मावसभावाने बाजा सुरू केलेला, कोळंबीचा वास गल्लीभर. समोरच्या भिंतीत मिस हॅटी खिडकीशी आल्या. त्यांनी काळ्या माणसांची ती गर्दी पाहिली आणि आधी एक झडप आपटली, मग दुसरी. चारही. एवढ्या जोराने की बाजा थांबला. नेमका त्याच क्षणी फोटोवाल्याने खटका दाबला. फोटोत सगळ्यांची तोंडं हसरी आहेत, फक्त नवरीची मान त्या बंद झडपांकडे वळलेली. वर्डेलने तो फोटो कधी चौकटीत घातला नाही, फाडलाही नाही.

"ते लोक विचारतील, झडपा का बंद," ती म्हणाली.

"विचारतील."

"काय सांगशील?"

सायरसने तळहात गुडघ्यांवर घासले. चुन्याने भेगाळलेले हात. "त्यांना जे ऐकायचं असेल ते."

"तुला जमणार नाही, म्हाताऱ्या. तुला सिमेंटसुद्धा चालत नाही."

"पाय दाखव," तो म्हणाला. तिने दाखवला नाही. मग उजव्या हाताने कपाटाकडे बोट केलं.

पुढच्या महिन्याच्या सुनावणीत सायरसने फोटो टेबलावर ठेवला आणि सातही जण त्याच्यावर असे झुकले की जणू ताटात पहिला आंबा आला. भिंगं निघाली. खिडक्या नेमक्या त्याच जागी होत्या. चार झडपा, बंद. ऑस्ट्रँडर तर आनंदाने लाल झाले. नवरीकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही.

"विलक्षण," मिसेस ट्रॅपनेल म्हणाल्या. "मिस्टर मेझिक, भर दुपारी झडपा बंद का होत्या, काही सांगता येईल?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. खरं घशाशी आलं होतं, पन्नास वर्षांचं. त्या टेबलावर ते ओकावं आणि यांचे गोड चेहरे आंबट झालेले बघावेत, असं त्याला फार वाटलं. मग त्याला खाटेवरून खाली न टेकणारा पाय दिसला.

"शेजारधर्म, मॅडम," सायरस म्हणाला. "शेजारी कार्य होतं. मिस हॅटींना वाटलं, आपण बघत बसू नये."

सभागृहात एक हळवा उसासा निघाला. एक सभासद डोळे पुसत होते. ठराव एकमताने झाला की उत्तरेच्या झडपा पुराव्याप्रमाणे कायम बंद स्थितीत बसवाव्यात. आजारी बाईसाठी जिथं एक बोट हलत नव्हतं, तिथं मेलेल्या बाईच्या शिष्टाचारासाठी सात हात वर झाले. सायरस बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला थुंकला. एरवी तो कधी थुंकत नसे.

झडपा बसवायला तो स्वतः गेला.

"मिस्टर मेझिक," ऑस्ट्रँडर शिडीखालून म्हणाले. त्या दिवसापासून सायरसचा मिस्टर मेझिक झाला होता. "पुढच्या वसंतात थोडा वेळ उघडता येतील ना?"

"फोटोत बंद आहेत," सायरस म्हणाला. त्याने एकेका झडपेला बोटभर लांबीचे सहा स्क्रू मारले आणि त्यांची डोकी चुन्याने बुजवून वरून रंग फिरवला. आत ऑस्ट्रँडरांच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवे लागले. पण रस्त्याच्या कोपऱ्यावर पितळी पाटी लागली, त्यामुळे ते खूश होते. घोडागाडीतून पर्यटक येत, गाडीवान घोडा थांबवी, सगळे मान वाकडी करून ती पाटी वाचत आणि भिंतीला चिकटवलेल्या चकत्यांचे फोटो काढत.

ताडपत्री उतरली. वर्डेल झग्यातच बाहेर आली. तिसऱ्या खांबापर्यंत तिला रडू येत होतं, पाय इतका दुखत होता. जुलैमध्ये पाच. ऑगस्टमध्ये सहा. सप्टेंबरच्या एका सकाळी तिने सातव्या खांबाला हात लावला, दम घेतला आणि स्वतःच रस्त्याचं दार उघडलं. समोर कोपऱ्यावर पाटी चकाकत होती.

"वाच," ती म्हणाली. "चष्मा आत राहिला."

सायरसला वाचायचं नव्हतं. तरी त्याने वाचलं. "या घराच्या उत्तरेच्या झडपा शेजाऱ्यांच्या सन्मानार्थ बंद आहेत. आपल्या गावाच्या जुन्या सौजन्याची खूण. मिस हॅरिएट बोनो यांच्या स्मरणार्थ."

वर्डेल खांबाला टेकून उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले. सायरसने घाबरून तिचा दंड धरला, तर ती हसत होती, तोंडाच्या त्या एका बाजूने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे शेवटी," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "हॅटीने आपल्या लग्नाचा आहेर धाडलाच."

मग तिने दार लावून घेतलं, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सात खांब परत मोजायला सुरुवात केली.