प्रभादेवी स्टेशनाबाहेरचा आशीर्वाद

माझ्या वडिलांनी मला दिलेला आशीर्वाद मी निदान दहा वेळा लोकांसमोर सादर केला आहे. पुतणीच्या लग्नात जरा भरभर म्हटला, कारण जेवणं खोळंबली होती. परळच्या आमच्या चर्चमध्ये मात्र दर वर्षी बाबांच्या स्मरणाच्या उपासनेत अगदी सावकाश, बाबांच्या घोगऱ्या आवाजात. शेवटच्या ओळीला मी चष्मा काढायचो. चष्मा निघाला की मागच्या बाकांवरून नाकं ओढल्याचे आवाज यायचे. माझं पोटच निवेदनावर चालतं, त्यामुळे चष्मा कधी काढायचा ते मला कळतं. पहिल्या बाकावर ताई बसलेली असायची, तोंडाला रुमाल लावून.

हा आशीर्वाद आमच्या घरच्या बायबलच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर आहे. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत ती पानं म्हणजे घराचं दप्तर असतं. जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मरणं, सगळं तिथे. बाबा गिरणीत टाइमकीपर होते. शेवटच्या आजारात हात थरथरायचा म्हणून त्यांनी तीन मुलांसाठी आशीर्वाद तोंडाने सांगितले, ताईने लिहून घेतले आणि तळाशी बाबांनी वळवळती सही केली. ताईला धीर दिला, दादाला शिस्त. आणि मला?

‘धाकट्या, प्रभादेवी स्टेशनाबाहेर माकडाचा खेळ बघताना तू माझं बोट सोडलंस. मी तुला सोडलं नाही. माझा आवाज तुला देतो. लोकांना हसव.’

या चार ओळींचं मोल मलाच ठाऊक. बँकेची नोकरी सोडून मी लग्नामुंजीत आणि उद्घाटनांत माईक धरायला लागलो, तेव्हापासून बाबा माझ्याशी जेवणापुरतं बोलत. ‘वाढ’ आणि ‘पुरे’ एवढाच आमचा संवाद. ते गेले तेव्हा मी नागपूरला एका प्रदर्शनात साड्यांची सोडत जाहीर करत होतो. वर्षभर बायबल ताईकडेच होतं. पहिल्या स्मरणाच्या आदल्या आठवड्यात तिने ते माझ्या हातात दिलं आणि मी ते पान वाचलं. म्हणजे म्हाताऱ्याने मला माफ केलं होतं! मी ताईच्या जिन्यातच बसून रडलो.

आता दादरच्या वर्गाकडे येतो. एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी एक निवृत्त प्राध्यापक बाई बायबल शिकवत. धर्म म्हणून नव्हे, जुनं लिखाण म्हणून. बाई नायगावच्या, घर बौद्ध. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मी हे श्रद्धेने वाचत नाही. काळजीने वाचते. तुम्ही दोन्ही करा, माझी हरकत नाही.” प्रत्येक उताऱ्यासाठी त्या फळ्यावर चार शब्द लिहीत. कोण, कोणाला, केव्हा, कशासाठी. त्यांची उत्तरं सापडेपर्यंत चहा नाही.

मला हा खेळ फार आवडला. जलप्रलयाच्या गोष्टीत एकदा प्रत्येक प्राण्याची एकच जोडी नावेत घ्यायला सांगतात आणि जरा पुढे शुद्ध प्राण्यांच्या सात-सात, हे बाईंनी दाखवलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. दोन गोष्टींचे धागे कोणीतरी एकत्र विणले होते. तशीच एक गोष्ट बाबेलच्या लोकांनी मातीच्या विटांवर आधीच लिहून ठेवली होती, हेही कळलं. आणि अब्राहामाची ती गोष्ट! तो शत्रूंचा पाठलाग करत दान नावाच्या गावापर्यंत जातो. पण गावाला ज्याचं नाव पडलं तो दान अब्राहामाचा पणतू, आणि गावाचं नाव बदललं ते तर त्याच्याही कितीतरी पिढ्यांनंतर. म्हणजे लिहिणारा पुष्कळ नंतरचा.

“पकडला चोर!” मी ओरडलो.

“चोर कशाला?” बाई म्हणाल्या. “त्याच्या काळात गावाला जे म्हणत, ते त्याने लिहिलं. नाव लिहिणाऱ्याचा काळ सांगतं, एवढंच.”

मग त्यांनी गृहपाठ दिला. घरातला एखादा जुना कागद आणा, वर्ग त्याला ते चार प्रश्न विचारील. मी अर्थातच बायबल नेलं, तेही मखमली कापडात गुंडाळून. उभा राहिलो, घसा खाकरला, बाबांचा आवाज काढला. चष्मा काढला.

समोर बसणारे एक काका रेल्वेत तिकीट खिडकीवर होते. त्यांनी हळूच विचारलं, “वडील कधी गेले म्हणालात?”

मी सांगितलं.

“मग तेव्हा प्रभादेवी कुठे होतं हो? स्टेशनाचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. पाटी बदलली तेव्हा मी तिथेच ड्युटीला होतो. तुमचे वडील जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले असणार.”

कोणी हसलं नाही. निदान कोणी हसायला तरी हवं होतं. बाईंनी पान जवळ घेतलं, वर-खाली पाहिलं. “तिसरा मजकूर दाटीवाटीने बसवलाय. जागा आधी ठरलेली होती, मजकूर नंतर आला.” मग माझ्याकडे बघून फळा पुसायला वळल्या. “आज चहा लवकर घेऊ.”

मी चहा न घेता निघालो.

ताई करी रोडला राहते. जिथे आमची चाळ होती तिथेच आता टॉवर आहे, त्यात बाविसाव्या मजल्यावर. दार उघडताच म्हणाली, “एल्फिन्स्टनवरून चालत आलास? घामाघूम झालायस.”

“बोलताना एल्फिन्स्टन म्हणतेस,” मी म्हटलं, “आणि लिहिताना प्रभादेवी?”

तिने माझ्या हातातलं बायबल पाहिलं आणि दार लावून घेतलं.

“कागद होता ना तो,” ती म्हणाली. “कागदावर नवं नाव घालायचं. छत्तीस वर्षं वॉर्ड ऑफिसात तेच केलं. हात आपोआप गेला.”

“बाबांनी काय सांगितलं होतं?”

“सोड ना.”

“ताई.”

“माझं सांगितलं, दादाचं सांगितलं. मी विचारलं, आणि धाकट्याचं? तर म्हणाले, ‘त्याचं नंतर.’ मी चार ओळींची जागा सोडली आणि सही घेतली. मला वाटलं, उद्या सांगतील.”

“मग?”

“त्यानंतर अकरा दिवस होते.”

“बोलत होते?”

“बोलत होते की. पेज गरम आहे म्हणून आईला ओरडलेसुद्धा.”

मी सोफ्यावर बसलो. “आणि ते माकड?”

“माकड खरं आहे. पण बोट माझं होतं, रे. बाबा ड्युटीवर होते.”

इतकी वर्षं मला तो माकडवाला आठवत होता, लाल टोपीसकट. बाबांच्या बोटावरचा शाईचा डागही आठवत होता. तो डाग मी कुठून आणला?

“मी दर वर्षी ते म्हणायचो,” मी म्हटलं, “आणि तू पुढे बसून रुमाल लावून रडायचीस! नाटकी मी आहे की तू?”

“रडत नव्हते. मला भीती वाटायची. कोणीतरी विचारील म्हणून. अरे, तू रिकाम्या हाताने उभा राहिला असतास तिथे, सगळ्यांसमोर. तुला बोलायला काहीतरी हवं होतं.”

“मला बाबांचं हवं होतं.”

“ते नव्हतं,” ती म्हणाली. “पान फाडू का?”

मी बायबल मखमलीत गुंडाळलं आणि निघालो. लिफ्टपर्यंत ती मागे आली. “उद्या येशील ना, बाबांच्या स्मरणाच्या उपासनेला?” मी लिफ्टचं बटण दाबलं. बाविसाव्या मजल्यावरून लिफ्ट खाली यायला फार वेळ लागतो.

बाईंनी एकदा सांगितलं होतं की एकाच मजकुराचे दोन पाठ मिळाले तर जो अवघड वाटतो तो बहुधा जुना. गोड पाठ मागाहून कोणीही लिहितो, टोचणारा कोण मुद्दाम लिहील? तेव्हा मी ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

रविवारी पाळकांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं आणि मी उठलो. पहिल्या बाकावर ताईचा रुमाल तोंडाशी तयार होता.

“बाबांनी माझ्यासाठी दोनच शब्द ठेवले होते,” मी म्हटलं आणि त्यांच्या घोगऱ्या आवाजात ते म्हटले. “त्याचं नंतर.”

सगळं चर्च हसलं. धाकट्याची नवी गंमत, असं त्यांना वाटलं. मागे कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मी चष्मा काढला नाही, त्यामुळे ताईचा चेहरा मला या वेळी स्पष्ट दिसला. तिने रुमाल मांडीवर ठेवला होता.

मी जाऊन मागच्या बाकावर बसलो.