सालीचे प्रोफेसर

आमच्या भाऊजींना कारखान्यात सगळे ‘प्रोफेसर’ म्हणतात. त्यांना तो मान वाटतो. चेष्टा कळायलाही थोडी अक्कल लागते.

कारखाना क्रिकेटच्या बॅटींचा. विलोच्या झाडाचे ओंडके येतात, त्यांचे उभे तुकडे पाडतात, टोकांना मेण फासून ते वाळत ठेवतात. मग रंधा, दाबयंत्र, हातोडी असं सगळं सोसून त्यांची बॅट होते. यातलं एकही काम भाऊजी करत नाहीत. ते तयार बॅटवर स्टिकर चिकटवतात. हे काम नीट करतात, नाही असं नाही, पण घरी येऊन असं बोलतात की जणू झाडसुद्धा त्यांना विचारून वाढतं.

अशा गृहस्थाशी माझ्या थोरल्या बहिणीने संसार केला. ताई स्वभावाने इतकी गरीब, की कोणी ठासून बोललं की तिला ते खरंच वाटतं. आणि भाऊजींना ठासून बोलण्याखेरीज दुसरं काही येत नाही. जोडी जमली म्हणायची.

ताईच्या हृदयाची झडप बदलल्यापासून तिला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभरासाठी लागली. ती चुकवायची नाही, मधूनमधून रक्त तपासायचं, आणि विचारल्याशिवाय दुसरं कसलंही औषध घ्यायचं नाही, एवढं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईने ते मुकाट्याने पाळलंही. पण घरात आपल्यापेक्षा डॉक्टरांचा शब्द जास्त चालतो, हे भाऊजींच्या मनाला लागलं.

तेवढ्यात त्यांना ज्ञानप्राप्ती झाली. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बोट फिरवता फिरवता त्यांनी वाचलं की विलोच्या सालीत अँटिऑक्सिडंट असतात. झालं! जी साल काल झाडून भट्टीत जात होती, ती आज पिशव्या भरभरून घरी यायला लागली. पुढच्या खोलीत सालपटं, गच्चीवर सालपटं, ताईच्या पलंगाखाली सालपटं. शिवणाची मापं घ्यायला म्हणून मी ताईकडे गेले, तर बसायला जागा नव्हती.

“लोखंड गंजतं ना, तशा आपल्या पेशी गंजतात,” भाऊजी मला समजावायला लागले. “पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड, सॅलिसिन. गंज काढून टाकतात. तुझ्या शिलाईच्या दुकानात हे कुणी सांगणार नाही.”

“आणि ताईची गोळी?”

“ती चालू आहे. पण गोळी म्हणजे शेवटी रसायन.”

“मग सालीत काय असतं? आशीर्वाद?”

अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस दुसऱ्याकडे कीव करून बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. साल बिचारी खोटी नाही, हे मलाही मान्य आहे. अंगदुखीवर ती माणसाने फार पूर्वीपासून वापरली आहे, आणि तिच्यात ती लांबलचक नावांची द्रव्यं असतातही. पण कशात काय आहे हे वाचणं वेगळं आणि ते कुणाच्या पोटात गेल्यावर काय करेल हे कळणं वेगळं. भाऊजी पहिल्यावर थांबले. थांबले कसले, तिथून साल उकळून काढ्याच्या बरण्या भरायला लागले. बरण्यांवर बॅटींसारखे स्टिकरही चिकटवले: गडद काढ्यावर ‘ग्रेड एक’, फिकटावर ‘ग्रेड दोन’. ताईला अर्थातच ग्रेड एक. बायकोवर प्रेम आहे म्हणतात.

काही आठवड्यांनी ताई ड्रेस शिवून घ्यायला माझ्या दुकानात आली. बाहीचं माप घ्यायला मी तिचा हात उचलला आणि टेप माझ्या हातातच राहिली. दंडावर निळेजांभळे डाग होते.

“कुठे आपटलीस?”

“कुठे नाही गं. ते आपोआप येतात.”

मी टेप गळ्यात अडकवली आणि तिला घेऊन तशीच कारखान्यात गेले. भाऊजी स्टिकरचा कागद सोलत होते. त्यांनी डाग बघितले, आणि या माणसाचा चेहरा चक्क खुलला.

“नवी बॅट आपण थेट मैदानात नेतो का? आधी हातोडीने ठोकतो. डाग पडतात, पण लाकूड पक्कं होतं. शरीराचंही तसंच. आतून पक्कं होतंय ते.”

रंधा मारणारा कारागीर मान खाली घालून हसला. मला हसू आलं नाही. मला तीच हातोडी उचलावीशी वाटली. बायको आणि बॅट यांतला फरक ज्याला सांगावा लागतो, त्याच्याशी वाद काय घालायचा? मी ताईला म्हटलं, चल डॉक्टरांकडे. ती म्हणाली, यांना वाईट वाटेल. आणि मी, तोंडाची एवढी फटकळ, तिला तिथेच सोडून परत आले, कारण तिला ओढत नेणं काही मला जमलं नसतं.

दोन दिवसांनी सकाळी ताईच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेचना. शेजारणीने मला फोन केला. मी गाडी करून तिला दवाखान्यात नेलं. भाऊजी मागच्या सीटवर बसून ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतायत’ असं पुटपुटत होते, पण आवाज नेहमीचा नव्हता.

नाकात बोळे घालून रक्त कसंबसं थांबवल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळीबरोबर आणखी काही घेता का?”

ताईने आधी नवऱ्याकडे बघितलं. “नाही हो, काही नाही.”

आणि प्रोफेसर? लग्नकार्यात आचाऱ्यालाही फ्लॅव्होनॉइड समजावणारा माणूस भिंतीवरच्या पंख्याकडे बघत उभा होता.

“खोटं बोलतेय ती,” मी म्हणाले. “विलोच्या सालीचा काढा घेते. हे पाजतात.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “अहो, या सालीतलं द्रव्य ॲस्पिरिनच्या कुळातलं. यांचं रक्त आधीच गोळीने पातळ केलेलं. डोक्यात रक्तस्राव झाला असता तर?”

“डॉक्टर, यांना बोलू नका,” ताई बोळ्यांमधून कसंबसं बोलली. “काढ्याने नसेल झालं. आम्ही दोघं बरोबरच घेतो, कपाला कप लावून. यांना कुठे काय झालंय?”

“असं? मग यांचंही रक्त तपासायला हवं. बसा इथे. बाही वर करा.”

नर्सने सुई काढली. भाऊजींनी सुईकडे बघितलं, मग दाराकडे.

“मी घेत नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“पहिल्या दिवशी घेतला होता. मला जळजळ झाली.”

कपाला कप लावून म्हणे! मला कारखान्यातली ती हातोडी पुन्हा आठवली.

“मग तुमच्या कपात काय असायचं?” ताईने विचारलं.

“चहा.”

“साखर घालून?”

भाऊजींनी होकारार्थी मान हलवली.

ताई डॉक्टरीणबाईंकडे वळून सांगायला लागली: सकाळी एक कप, संध्याकाळी एक, काळा होईपर्यंत उकळलेला, कधीपासून, त्यानंतर हिरड्यांतून रक्त कधी आलं, डाग कधी पडले, सगळं क्रमाने. मध्ये भाऊजींनी “अगं, पण त्यात” अशी सुरुवात केली, तेव्हा ती आवाज न चढवता नर्सला म्हणाली, “यांना बाहेर बसवा.”