कॅरल मॅडमचं घर चौघांचं नव्हतं

"फिलो... खलास." डेव्हिड सर मॅडमच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा मी मॅडमच्या दोन्ही मुलांचे डबे भरत होते. मुलांचे वडील, अबुधाबीपासून लांब रुवैसच्या तेल रिफायनरीत अर्धं आयुष्य काढलेला माणूस. चहा संपला तरी खलास, ड्यूटी संपली तरी खलास. पण त्या सकाळी तो शब्द मॅडमसाठी होता. कॅरल मॅडम गेल्या. त्याला आता महिना उलटून गेला. मी वसईची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे लिहायची भीती वाटते. पण अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या या घरात कामाला राहून जिचं मीठ खाल्लं, तिच्याबद्दल आपल्या माणसांना सांगावंसं वाटलं.

अमेरिकन कुटुंब कसं असतं ते मला इथं यायच्या आधीच ठाऊक होतं... टीव्हीवरून. आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी, पुढे हिरवळ आणि कुत्रा. चौघं हसत जेवणार, आणि अठरावं लागलं की मुलं घराबाहेर. आमच्या आळीतही सगळे हेच सांगायचे. माझं घर त्याच्यापुढे म्हणजे फुटलेलं भांडं. नवरा वारलेला, लेक रिया माझ्या बहिणीकडे. रिया बहिणीला आई म्हणते आणि मला मम्मी. फोनमधली मम्मी. सुट्टीला गेले की माझी गादी बाहेरच्या खोलीत.

पहिल्याच नोव्हेंबरात त्यांचा थँक्सगिव्हिंग, म्हणजे आभाराचा सण आला. मॅडम म्हणाल्या, "टेबल मांड, आज फॅमिली जेवायला आहे." मी मोजून चार ताटल्या मांडल्या. सर रुवैसला राहतात ते कामासाठी, असंच मी धरून चालले होते. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचे नवरे गल्फात असतात आणि सुट्टीला घरी येतात. घटस्फोट माझ्या डोक्यातच आला नाही. दार उघडलं तर सर, त्यांची नवी बायको लिंडा आणि लिंडाची आई! मॅडमनी ताटल्यांकडे बघितलं आणि पोट धरून हसल्या. "चारच? हे कोणाचं घर आहे, फिलो?"

"मॅडम, टीव्हीवर..."

"अगं, तसलं घर मीसुद्धा टीव्हीवरच पाहिलंय!" त्या बोलायच्या इंग्रजीत, पण मला ऐकू यायचं मराठीत.

आता इथं भांडण पेटणार म्हणून मी घाबरून सरांना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. तर सर म्हणाले, "मला कॅरलजवळ बसव. भांडण जुनं झालं, ग्रेव्ही तिच्याकडे आहे." लिंडा म्हणाली, "घेऊन जा त्याला, मलाही जरा शांतपणे जेवू दे."

पाहुणे गेल्यावर भांडी पुसता पुसता मॅडम आपणहून बोलल्या. त्यांचे वडील लहानपणीच निघून गेले. आई दूर दुसऱ्या शहरात हॉटेलात खोल्या साफ करायची, आणि त्यांना वाढवलं आजीने. "आई वर्षातून एकदा यायची. फ्रॉक आणायची, आणि तो मला कधीच बसायचा नाही. तिच्या डोक्यात मी मागच्या वर्षीएवढीच असायचे." माझे हात पाण्यातच राहिले. त्याच आठवड्यात मी रियासाठी ड्रेस पाठवला होता. कसाबसा धीर करून विचारलं, "आईचा राग यायचा?"

"यायचा? अजून येतो."

त्या दिवशी जी भीती मनात बसली ती बसलीच. रियाही अशीच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभी राहून माझ्याबद्दल हेच सांगेल का...

गेल्या उन्हाळ्यात मॅडमच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले. मग मॅडमची आई आली. वाकलेली म्हातारी, हातात एकच बॅग. मला वाटलं, आता सगळा जुना हिशेब निघणार. पण दोघी फारसं बोलायच्याच नाहीत. म्हातारी पलंगाजवळ खुर्ची ओढून बूट काढायची आणि सुपरमार्केटच्या जाहिराती मोठ्यानं वाचत बसायची. आंबे स्वस्त झालेत, चिकनवर ऑफर आहे... एका दुपारी ती हात धुवायला गेली तेव्हा मी सूप घेऊन आत गेले. मनात ठेवलेलं तोंडातून निघून गेलं. "मॅडम, गेला का हो राग?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "नाही गं... पण ती खोलीत असली की मला झोप लागते."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. म्हातारी खुर्चीतच होती.

माझ्या व्हिसाचं काय होणार, हे कोणाला विचारायचं? लिंडाच म्हणाली, "मुलं आमच्याकडे रुवैसला येतायत. तू नसलीस तर दोघं मला जगू देतील का? यल्ला, चल, सामान बांध." देव त्या बाईचं भलं करो. आता खोक्यांवर खोकी भरतेय. सगळ्या खोल्या झाल्या, मॅडमची राहिलीय. ती खुर्ची पलंगाला लागून आहे तशीच आहे. झाडू मारते तोही तिच्या भोवतीनं.

परवा त्याच खुर्चीत बसून रियाला फोन लावला. म्हटलं, नाताळला मी येतेय. तिनं तारीख विचारली. मग म्हणाली, "आईला सांगते, बाहेरच्या खोलीत गादी घालू नको. तू माझ्याजवळ झोप."