तळ्याचा ताबा

मत्स्य खात्याच्या सोलापूरच्या ऑफिसात मी टेबलावर हात आपटला, तशी शाईची दौत उलटून साहेबाच्या पांढऱ्या शर्टावर गेली. शिपायाने मला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. माझी एक चप्पल आतच राहिली होती. ती घेऊन दादा मागून आला आणि म्हणाला, "तुज्या ह्या रागापायी एक दिवस कुनाचा तरी जीव जाईल बग." मी त्याच्यावरही खेकसले. चुकलेली बाई जास्त खेकसते, आणि चुकी माझीच होती.

आमचं गाव अक्कलकोटच्या अलीकडे. बहात्तरच्या दुष्काळात तिथल्या ओढ्यावर सरकारने तलावाचं काम काढलं. त्या बांधावर मी डोक्याचे केस झिजेपर्यंत मातीच्या पाट्या वाहिल्या, आणि दादाने खडी फोडली. नवरा मेल्यापासून मी दादाकडेच होते. पुढे पाऊस लागला, तळं भरलं. आम्ही भोई. जाळ्यावर पोट, पण गावात पाणी नाही. मासा धरायला भीमेवर जायचं, तेही दुसऱ्यांच्या डोहात, त्यांच्या शिव्या खात. आता पाणी दारात आलं होतं. दादा म्हणाला, "हितंच मासा वाडवू की."

भीमेचा पूर ओसरला की काठच्या डबक्यांत बोटाएवढी पिल्लं अडकून राहतात. माझं जुनं लुगडं दोन टोकांना धरून आम्ही ती गाळायचो, हंड्यांत भरायचो आणि एस.टी.च्या मागच्या सीटवर बसून गावापर्यंत हाताने पाणी हलवत यायचो. हात थांबला की पिल्लं उलटी व्हायची. कंडक्टर शिव्या द्यायचा, मी त्याला सव्याज परत करायचे. असे दोन पावसाळे गेले. त्यापुढच्या उन्हाळ्यात तळ्यात हातभर लांबीचे मासे उड्या मारायला लागले. दादा बांधावर बसून नुसता बघायचा. एवढा खूश झालेला मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग कळलं की सरकारी तळ्यात पट्ट्याशिवाय जाळं टाकलं तर गुन्हा होतो. मच्छीमारांची सोसायटी नोंदवली आणि अर्ज केला, तर ठरलेल्या खंडाने तळं सालाच्या पट्ट्याने मिळतं. आम्ही घराघरांतून अंगठे गोळा केले, सोसायटी नोंदवली, ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला चौथ्या खेपेला पदरात पाडला. आमच्यात सातवी पास मी एकटी, म्हणून अर्ज मी भरला. त्यात एक रकाना होता: तलावात सध्या मासे आहेत काय, असल्यास कोणी सोडले.

"काय लिवायचं?" दादाने विचारलं.

"खरं लिवायचं. सायबाला कळू दे, कोन खपलंय ते."

मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: होय, भरपूर आहेत, आम्हीच दोन वर्षे सोडतो आहोत. लिहून झाल्यावर मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

साहेबाने तेवढंच वाक्य बोटाने दाखवलं. "परवाना नसताना सोडले म्हणजे बेकायदा. आणि मासे तयार आहेत म्हटल्यावर हे उत्पन्नाचं तळं झालं. ते आता जाहीर लिलावात जाणार." मग थोडा पुढे वाकून हळूच म्हणाला, "बाई, 'नाही' लिहायचं होतंत. सगळे तेच लिहितात." त्यावर मी हात आपटला होता.

लिलावात दुसऱ्याच बोलीला आमची तोंडं मिटली. तालुक्यातली निम्मी तळी ज्याच्याकडे होती, त्या ठेकेदाराने आमचंही घेतलं.

पुढच्या चैत्रात, पाणी कमरेएवढं उरलं तेव्हा, तो ताब्याचा कागद घेऊन आला. सोबत आठ-दहा माणसं आणि भलंमोठं ओढजाळं. काही माणसं काठ्या धरणारी होती, बाकीचे भीमाकाठचे रोजंदारीवर आणलेले जाळेवाले. म्हणजे आमच्यासारखेच. दादा आडवा गेला.

"कागद तुजा आसंल, मासा माजा हाय."

ठेकेदाराने नुसती मान हलवली. पहिली काठी दादाच्या कानावर बसली. आमच्या लोकांनी बांधावरचे दगड उचलले. स्वतःच रचलेले दगड, हातात बरोबर बसत होते. एकाचं कपाळ माझ्यासमोर फुटलं आणि मला बरं वाटलं. आज हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं खरं. एकाच्या मनगटाला मी दात लावले, ते तोंडात रक्त येईस्तोवर काढले नाहीत. बायका ओरडत होत्या, कुत्री भुंकत होती, पाणी चिखलाने लाल झालं होतं.

तेवढ्यात दोघांनी दादावर जाळं टाकलं. तो पाण्यात आडवा झाला आणि जाळ्यात गुरफटला. त्याचं डोकं वर आलं की काठी, खाली गेलं की लाथ. मी बांधावरचा कोयता उचलला आणि पाण्यात उडी घेतली. मला पाहून काठीवाले मागे सरले. तिथेच थांबायला हवं होतं. जाळं हाताने सोडवता आलं असतं. पण मला तेव्हा कापायचंच होतं. मी जाळ्यावर कोयत्याचे घाव घालत सुटले. एक, दोन, तीन. दादा आतून ओरडत होता, ते मला ऐकू आलं नाही. तिसऱ्या का चौथ्या घावाला त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं पाण्यात पडली.

ठेकेदाराची माणसं पळाली, आमचे लोक त्यांच्यामागे धावले. एकच जण पळाला नाही. भीमाकाठचा एक जाळेवाला, काळा, हडकुळा, त्याच्या हातात काठीसुद्धा नव्हती. त्याने माझ्या हातातला कोयता हिसकावून बाजूला फेकला, दादाला जाळ्यातून काढलं, डोक्याचं मुंडासं सोडून त्याच्या हाताला करकचून बांधलं. "आक्का, हात वर धर त्येचा, खाली सोडू नगं," असं तो मला दोनदा म्हणाला. आमचे लोक परत आले, तेव्हा तो रक्ताने माखलेला दादाशेजारी बसला होता. त्यांनी त्यालाच तुडवला आणि पोलिसांच्या हवाली केला.

सिव्हिल हॉस्पिटलात हवालदार जबाब घ्यायला आला. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. कोयता कुणी मारला, असं त्याने विचारलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड सुजलं होतं, एक डोळा पार मिटला होता. त्याने भिंतीकडे मान वळवली.

"ज्येला धरलाय, त्येनंच."

"बाई, तुम्ही पाहिलंत?"

"व्हय," मी म्हटलं.

एवढा सोपा शब्द. अर्जात लिहिला तेव्हा तो खरा होता, तर तळं गेलं. आता खोटा होता, तर तळं आलं. रक्त सांडलं म्हणून ठेकेदाराचा पट्टा रद्द झाला आणि पुढच्या सालचा सोसायटीच्या नावाने निघाला. त्या माणसाला सक्तमजुरी झाली. कोर्टात तो एकसारखं सांगत होता, "मी बांदलं वो, मी तोडलं न्हाय." त्याच्या बाजूने बोलायला ठेकेदारसुद्धा आला नाही. निकाल लागला त्या दिवशी आमच्याकडे गुलाल उधळला. माझ्याही कपाळाला लावला, आणि मी लावून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही हक्काचं पहिलं जाळं ओढलं. दादाला दोर धरता येत नव्हता, तो काठावरून सांगत होता. दुपारी एक बाई आली. कुणाची कोण, मला ठाऊक नव्हतं. काही न विचारता तिने कासोटा घट्ट केला, पाण्यात उतरून दोर धरला, आणि काम जाणणारी असल्यामुळे कुणी हटकलं नाही. माशांच्या राशी काठावर आल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आक्का, मी त्येची बायकू. तुरुंगात हाय की त्यो, त्येची. भांडाया न्हाय आले. येकच इचारते. तुमी तुमच्या डोळ्यांनी पायलं व्हतं का?"

तिच्या आवाजात राग असता, तर मी काहीतरी बोलले असते. तो नव्हता. मी तिच्या छातीवर दोन्ही हात ठेवून तिला ढकलली. ती माशांच्या राशीत पाठीवर पडली. "चल नीग," मी किंचाळले, "तुज्या नवऱ्यानं माज्या भावाचा हात खाल्ला!"

सगळे थांबले. दादा उठून आला. डाव्या हाताने त्याने तिला उठवलं. तिच्या लुगड्याला लागलेले खवले तिने स्वतःच झटकले. दादाने एक पाटी भरून तिच्यासमोर ठेवली. ती घेईना. तो ती तशीच खांद्यावर घेऊन तिच्यामागे एस.टी.च्या फाट्यापर्यंत चालत गेला, आणि भरलेली पाटी परत घेऊन आला.

ती माझ्यासमोर ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. मी गाल पुढे केला. त्याने मारलं नाही. "मासं निवड," म्हणाला, "बाजार गाठायचा हाय." मी खाली बसले आणि लहान-मोठे मासे वेगळे करायला लागले.